झग्याला टाचणी लावू नये

आत्लिस्को, ११ ऑगस्ट

नोएमी,

फोन तू उचलत नाहीस. उचललास तर "कामावर आहे" म्हणतेस आणि मागे टीव्ही बोंबलत असतो. म्हणून हा कागद. कागद मधेच बंद करता येत नाही. फाडता येतो, पण तू फाडणार नाहीस, कारण सोबत मोले रश्शाच्या मसाल्याचं पुडकं आहे आणि तिहुआनात मिळणारा मोले म्हणजे कोकोत कालवलेली विटेची भुकटी, हे तुझंच म्हणणं. मसाला कुठल्या गिरणीत दळला ते विचारू नकोस. खा आणि गप्प बस.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याला दुसरा उद्योगच नाही. रोपवाटिकेत झेंडूची रोपं वीतभर झालीत. मालकीणबाईंनी यंदा मला वीस ओळी जास्त दिल्या, "ओब्दुलियाच्या हाताला झेंडू मरत नाही" म्हणून. कौतुक फुकट असतं, त्यामुळे त्या भरपूर करतात. तुझी माद्रिना तेन्चा खणखणीत आहे. बाप्तिस्म्याला तुला हातात धरलं होतं म्हणून अजून तुझ्यावर हक्क सांगते आणि त्याच नात्यानं मला 'कोमाद्रे' म्हणून हाका मारते. माझ्याशी बोलत नाहीस तर निदान तिच्याशी तरी बोल.

माझ्या लग्नाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. एवढं लिहून झालं, आता लिहिते. तेवीस नोव्हेंबर, आपल्या वस्तीतल्या चर्चमध्ये. फर्मिन तुला आठवतो तसाच आहे, कानात मक्याचं पीठ घेऊन हिंडणारा गिरणीवाला. बायको जाऊन त्याला नऊ वर्षं झाली, तुझे बाबा जाऊन चार. तू मला जे बोललीस ते मी विसरले नाही आणि त्याचं उत्तरही आज देत नाही. आज मला फक्त सल्ला हवाय.

झगा भाड्यानं घ्यावा की विकत? पाद्र्यांना विचारलं, ते म्हणाले, "स्वच्छ असला म्हणजे झालं." अंडीवाल्या बाईनं न विचारता सांगितलं की चोपन्नाव्या वर्षी विकत घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, नंतर काय त्यात कोंबड्या झाकणार? शेजारची म्हणते भाड्याचा झगा म्हणजे दुसऱ्याच्या लग्नाचा घाम. साऱ्या वस्तीनं मत दिलं. ज्या एका माणसाचं मत मला हवंय ते माणूस तिहुआनात टीव्ही बघतंय.

तुझी आई


आत्लिस्को, २ सप्टेंबर

नोएमी,

उत्तर आलं नाही, पण पुडकंही परत आलं नाही. म्हणजे मोले संपला असणार. हे दुसरं घे.

रविवारी तेन्चाबरोबर पुएब्लाला गेले होते, नवऱ्यामुलींच्या कपड्यांच्या त्या गल्लीत. दोन्ही बाजूंना काचांमागे नुसते पांढरे झगे, मुंडकं नसलेले. तेन्चाचे पाय दुखायला लागले तिथे आम्ही आत शिरलो. दुकान आम्पारो नावाच्या बाईचं. चष्मा साखळीला, मापाची फीत गळ्यात.

"नवरी कुठाय?" तिनं विचारलं. "तिला घेऊन या ना, मापं घ्यायला लागतील."

"ही काय तुमच्या पुढ्यात उभी!" तेन्चा म्हणाली. "चष्मा काय शोभेला अडकवलाय?"

"मला वाटलं या नवरीच्या आई."

"आई पण हीच आणि नवरी पण हीच. आता काढा झगे."

बाई हुशार, लगेच सावरली. मोठ्या वयाच्या नवरीला हस्तिदंती रंग फार खुलतो म्हणाली. तेन्चानं तो झगा उजेडात नेला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाली, "हस्तिदंती म्हणजे मळलेलं पांढरं ना? पांढरं काढा, पांढरं."

निघाला एक. साधा, लांब बाह्यांचा, गळ्याशी नाजूक लेस, खाली फार घोळ नाही. भाडं दोन हजार पेसो, शिवाय अनामत. विकत घ्यायचा तर सात हजार. आरशाच्या वर पाटी होती आणि तेन्चानं ती चर्चमध्ये वाचावी तशी मोठ्यानं वाचून दाखवली: मोले सांडल्यास, घोळाला चिखल लागल्यास, ज्वालामुखीची (म्हणजे आपल्या दोन गोयो म्हाताऱ्याची) राख पडल्यास धुलाईचा खर्च वेगळा. झग्याला टाचणी लावू नये. टाचणीचं भोक आढळल्यास झगा विकत घेतला असं समजण्यात येईल.

"टाचणी नाही? मग नोटांच्या नाचाला लोकांनी नवरीच्या झग्याला नोटा लावायच्या कशानं?" तेन्चानं विचारलं. "डिंक आणायचा?"

"ते तुम्ही बघा," बाई म्हणाली. "साटीनचं भोक बुजत नाही. मागच्या वर्षी एक झगा आला तो चाळणी होऊन."

मी घालून बघितला. बरा दिसला. मग पडदा ओढून थोडा वेळ आतच बसले, कारण बाहेर उकडत होतं. तेन्चानं बाहेरून विचारलं, "कोमाद्रे, रडतेयस का गं?" मी म्हटलं, "बटणं लावतेय." त्या झग्याला बटणं नव्हती, मागे चेन होती. तेन्चाला ते माहीत होतं, तरी तिनं मला बटणं लावू दिली, हे तिच्या नावावर जमा कर.

तू फोनवर म्हणालीस, "बाबांसाठी कधी पांढरं घातलं नाहीस आणि आता या गिरणीवाल्यासाठी घालणार?" खरंय, नाही घातलं. आम्ही सव्वीस वर्षं एका छताखाली राहिलो, तुला वाढवलं, पण चर्चमध्ये उभे राहिलो नाही. आपल्या वस्तीतली निम्मी घरं अशीच आहेत. लग्न म्हणजे सगळ्या गल्लीला मोले, बँड, केक आणि झगा, तेव्हा आधी संसार थाटायचा आणि लग्न पैसे आले की करायचं. तुझे बाबा दर जानेवारीत म्हणायचे, "यंदा." दर डिसेंबरात म्हणायचे, "येत्या वर्षी."

मी एकदा म्हटलं, भाड्यानं घेऊ झगा, होऊन जाऊ दे. तर केवढे चिडले! "माझी बायको उसन्या कापडात देवापुढे उभी राहणार नाही. तुला मी विकतचाच घेईन." जन्मभर लोकांची घरं बांधली आणि स्वतः भाड्याच्या खोलीत राहिले, त्याचं काही वाटलं नाही. झगा मात्र विकतचाच पाहिजे! मी हसले होते तेव्हा. मला आवडलंही होतं, आता काय लपवायचं.

तर असं आहे. मला कुणी पांढऱ्यापासून अडवलं नव्हतं. आम्ही वाट बघत होतो.

आई


आत्लिस्को, ६ ऑक्टोबर

नोएमी,

तेन्चा म्हणते तू तिचा फोन उचललास आणि अकरा मिनिटं बोललीस. काय बोललीस ते ती सांगत नाही. मला अकरा मिनिटांचा राग आला नाही असं नाही, पण बरंही वाटलं. आवाज कसा होता एवढंच विचारलं. म्हणाली, "सर्दी झाल्यासारखा." सर्दी असेल तर लिंबू आणि मध घे.

फर्मिनचं मत आता ऐक. तो म्हणतो विकत घ्या. अजून तो मला "तुम्ही" म्हणतो, गिऱ्हाईक होते तेव्हापासूनची सवय. सकाळी मका दळायला गेले तर दहा बायकांच्या रांगेसमोर विषय काढला.

"विकतच घ्या, ओब्दुलियाबाई. नाचाला लोक हातात नोट आणि टाचणी घेऊनच येणार. प्रत्येकाला काय दारात झडती देऊ?"

"सात हजारांत तुमच्या गिरणीला नवा पट्टा येईल."

"पट्टा चालतोय."

"चालतोय कुठे, किंचाळतोय. पार चौकापर्यंत ऐकू येतो."

"मग नाचाच्या वेळी गिरणी बंद ठेवू," तो म्हणाला. रांगेतल्या बायका फिदीफिदी हसल्या आणि माझे कान लाल झाले. या वयात कान लाल होणं बरं नव्हे. पैसे तो स्वतः द्यायला तयार आहे. मी नाही म्हटलं. त्यानं का म्हणून विचारलं नाही. मक्याचं पीठ बांधून दिलं आणि वर मूठभर जास्त टाकलं.

माझी पंचाईत तुला सांगते, कारण ती तुझ्यामुळेच आहे. विकत घेतला तर तू म्हणशील, बाबांच्या वेळी पैसे नव्हते आणि याच्या वेळी बरे आले. भाड्यानं घेतला तर म्हणशील, भाड्याचा चालत होता तर बाबांबरोबर का नाही उभी राहिलीस. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मी गुडघा धरून.

पत्रिका छापून आल्या. कुणी काय दिलं ते नेहमीप्रमाणे खाली छापलंय: केकचे पाद्रिनो तेन्चाचे यजमान, अंगठ्यांचे फर्मिनचा भाऊ, बँडच्या माद्रिना आमच्या मालकीणबाई (बघ, तोंडाच्या कौतुकापलीकडेही गेल्या). "झग्याची माद्रिना" असं छापून पुढे मी जागा कोरी सोडायला सांगितली. छापखान्यातल्या माणसानं तीनदा विचारलं, चुकून तर नाही ना राहिली.

तेन्चा तापली. "कोमाद्रे, कोरी जागा बघून लोक म्हणतील ही बया झग्याविनाच निघालीय चर्चमध्ये! माझं नाव घाल, भाडं मी देते."

"तू केक देतेयस."

"केक नवरा देतोय. मी अजून मोकळी आहे."

"ती जागा धरलेली आहे, तेन्चा."

"कुणासाठी? जी पत्राला उत्तर देत नाही तिच्यासाठी?"

मी पत्रिका तिच्याकडे सरकवल्या. ती मग त्यांच्या घड्या घालत बसली. झग्याची माद्रिना म्हणजे नुसते पैसे देणारी नव्हे, नवरीला झगा स्वतःच्या हातानं चढवणारी, हे तुला मी सांगायला नको. म्हणून जागा कोरी आहे. पैसे मागतेय असं समजू नकोस हं. पैसे नकोच आहेत. हात हवेत.

आई


आत्लिस्को, ३ नोव्हेंबर

नोएमी,

काल मृतांच्या दिवशी तुझ्या बाबांचं सगळं यथासांग केलं. मधल्या खोलीत टेबल मांडलं, झेंडूच्या पाकळ्यांची वाट थेट रस्त्यापासून आणली, नाहीतर त्यांना घर चुकायचं; जिवंतपणीही शनिवारी चुकायचंच. कोपालचा धूप, गोड पाव, बिअर, त्यांची थापी आणि ओळंबा. तू सातवीत काढलेलं त्यांचं चित्रही ठेवलं, ज्यात ते बटाट्यासारखे दिसतात.

तामाल उकडायला मक्याचं पीठ सकाळीच दाराशी ठेवलेलं होतं, ओल्या फडक्यात झाकून. फर्मिन आत आला नाही. दारातूनच टोपी काढून म्हणाला, "आन्सेल्मो मिस्त्रींसाठी. जरा जाडसर दळलंय, त्यांना तसं आवडायचं." मी बस म्हटलं तर म्हणाला, "आज त्यांचा दिवस आहे," आणि गेला. तुला तो आवडावा असा माझा आग्रह नाही. हे घडलं ते सांगितलं, बस.

मग मी खुर्ची ओढून तुझ्या बाबांच्या फोटोसमोर बसले आणि विचारलं. भाड्यानं की विकत? फोटो काय बोलणार, बिअरचा फेस खाली बसला तेवढंच. पण बोलता बोलता माझं मलाच उमगलं.

विकतचा झगा हा तुझ्या बाबांचा शब्द होता, नोएमी. त्यांनी मला दिलेला. तो पुरा झाला नाही, त्यांच्याकडून वेळच निघून गेली. तो दुसऱ्या कुणी पुरा केला तर मला सोसायचं नाही. फर्मिननं नाही, तेन्चानं नाही, माझ्या पैशांनी मीसुद्धा नाही. त्यांचा शब्द त्यांच्याजवळ राहू दे. मी भाड्याचा झगा घालीन, एक दिवस मिरवीन आणि सोमवारी परत करीन. फर्मिनशी लग्न मी मनापासून करतेय, हेही ऐकून ठेव. तो शहाणा माणूस आहे आणि संध्याकाळी घरात कुणी खोकलं तरी बरं वाटतं. पण एका माणसाचं राहिलेलं दुसऱ्याकडून फेडून घ्यायचं नाही.

फर्मिनला हे सांगितलं. त्यानं पट्ट्याला तेल घातलं. मग म्हणाला, "बरोबर आहे. मग टाचण्या नकोत, नोटा माझ्या टोपीत टाकतील." झालं. आम्पारोबाईंना काल फोन करून अनामत पक्की केली.

चर्च दुपारी एकला. त्यानंतर गल्लीतच मांडव. तिहुआनाची बस पुएब्लापर्यंत येते आणि तिथून आत्लिस्कोच्या गाड्या दर अर्ध्या तासाला सुटतात. तुला माहीत आहे, तरी लिहिलं.

आई


आत्लिस्को, २२ नोव्हेंबर

पोरी,

हे पत्र तुला लग्न होऊन गेल्यावर मिळेल, म्हणजे यात काही मागता येत नाही. चांगलंच आहे.

झगा आणलाय. कपाटाच्या दाराला टांगलाय आणि खाली चादर अंथरलीय, फरशीचं काही लागू नये म्हणून. सकाळपासून दोन गोयोनं धूर सोडायचं धरलंय, आजच्याच दिवशी म्हाताऱ्याला हुक्की! तेन्चा खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबतेय आणि ज्वालामुखीला शिव्या देतेय, त्याच्या आईसकट.

उद्या मला झगा तीच चढवेल. कुणीतरी चढवायला हवा, चेन मागे आहे आणि माझा हात तिथवर पोचत नाही. पत्रिकेतली जागा कोरी ती कोरीच राहिली.

तू येणार नाहीस असं मी धरून चाललेय. खरं तर नाही धरलेलं. आज मोले ढवळताना दर गाडीच्या आवाजाला पळी थांबत होती, आणि बायकांना वाटलं माझा गुडघा दुखतोय. तू रागावलीस तरी माझीच आहेस. बाबांची बाजू घेऊन माझ्याशी भांडतेस ना, त्यातही त्यांच्यावरची माया आहे, आणि ती मला कशी नकोशी होईल? एवढंच सांगायचं होतं.

तुझी आई


आत्लिस्को, २६ नोव्हेंबर

नोएमी,

तू स्वतः होतीस, तुला काय सांगायचं असं फर्मिन म्हणतो. पण तुला माझं तोंड दिसलं, तुझं स्वतःचं दिसलं नाही, आणि काल पुएब्लात काय झालं ते तर माहीतच नाही. म्हणून लिहिते.

तू यायच्या आधीचं आधी. चर्च नीट पार पडलं. फर्मिननं कान धुतले होते. मांडवात तेन्चा आगपेटीची रिकामी डबी घेऊन दाराशी उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येकाकडून टाचण्या काढून घेतल्या, अगदी मालकीणबाईंच्या पदकाचीसुद्धा. बँडनं नाचाची गत धरली. लोक रांगेनं येत, माझ्याबरोबर दोन गिरक्या घेत आणि नोट फर्मिनच्या टोपीत टाकत. पण कुणाला मजा येईना. बसमध्ये गाणाऱ्याला चिल्लर टाकावी तसं चाललं होतं. मी हसून हसून गाल दुखवून घेतले.

मग रांगेच्या शेवटी तुझ्या कारखान्याचं निळं जाकीट दिसलं. पाठीवर पिशवी, केस दोन दिवस बसच्या काचेला घासलेले. मला वाटलं उन्हाचा भास. आधी तेन्चाच ओरडली, "आली गं बाई!" आणि बँडवाले चुकले. पण तू कुणाकडे बघितलं नाहीस, रांगही मोडली नाहीस. तुझ्यापुढे अंडीवाली होती, तिचा नाच होईपर्यंत थांबलीस. तेवढा एक नाच माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब नाच होता आणि तो मी अंडीवालीबरोबर केला.

मग तू माझे हात धरलेस. हात गार होते तुझे. तू म्हणालीस, "बारीक झालीस." मी म्हटलं, "झगा आवळतो." एवढंच बोललो आपण. गिरकी घेतली आणि तू जाकिटाच्या आतून नोटांची घडी काढलीस, आणि कॉलरच्या मागून टाचणी.

"अगं पोरी, टाचणी नको!" तेन्चा धावली. "भाड्याचा आहे तो!"

"माहितेय," तू म्हणालीस.

आणि लावलीस. इथे, डाव्या बाजूला, लेसच्या खाली. साटीन निसटलं, म्हणून दोनदा टोचावी लागली. मग माझ्या कानाशी म्हणालीस, "बाबांनी विकतचा म्हटलं होतं ना. मग विकतचाच."

मांडवात काय झालं ते मला नीट आठवत नाही. लोकांना वाटलं टाचणी मला टोचली म्हणून मी रडतेय. नंतर एकेकानं तेन्चाच्या डबीतून आपापल्या टाचण्या परत मागून घेतल्या एवढं आठवतं. खांद्यावर, बाह्यांवर, पाठीवर नोटाच नोटा. मालकीणबाईंनी तर दोन लावल्या. फर्मिननं रिकामी टोपी डोक्यावर घातली आणि तुला मोलेची थाळी आणून दिली. तू त्याला "घ्या ना तुम्ही पण" म्हणालीस. तुला वाटलं असेल त्यात काय. तो अजून ते चार शब्द वस्तीभर सांगत फिरतोय.

चढवला तेन्चानं, पण झगा उतरवलास तू. चेन अडकली तेव्हा दातांनी ओढलीस, लहानपणी दप्तराची ओढायचीस तशी. पहाटेच्या बसला निघताना तू म्हणालीस की माझ्यावरचा राग पूर्ण गेलेला नाही. हरकत नाही. राहू दे थोडा. घेऊन ये पुढच्या वेळी, इथे बसून संपवू.

आता काल. झगा घेऊन मी एकटीच पुएब्लाला गेले. बाकीच्या टाचण्या घरीच काढल्या, तुझी तेवढी तशीच ठेवली. आम्पारोबाईंनी चष्मा लावला, घोळ बघितला, बाह्या बघितल्या, पाठ बघितली आणि एवढाले सुस्कारे सोडले की मला त्यांची दया आली. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे, पण त्या एकदम मऊ झाल्या.

"जाऊ दे," म्हणाल्या. "बारीक आहेत भोकं. एक ओळ मण्यांची घातली की झाकतील. तुमची अनामत घ्या आणि सुखानं संसार करा."

"नाही," मी म्हटलं. "ही बघा, ही टाचणी."

"बघितली. काढा आणि द्या."

"भोक आहे इथे."

"अहो बाई, मी सोडून देतेय ना!"

"तुम्ही सोडाल, मी नाही सोडणार," मी म्हटलं. "पाटीवर काय लिहिलंय? भोक आढळल्यास झगा विकत घेतला. आढळलंय. दोनदा टोचलंय. घ्या पैसे."

त्यांना वाटलं लग्नाच्या दगदगीनं बाईचं डोकं फिरलं. मग मी सगळं सांगितलं, तुझ्या बाबांचं, दर जानेवारीचं "यंदा", आणि तुझं. त्यांनी गळ्यातली फीत काढून ठेवली आणि तुझ्या नोटा अनामतीत धरून घेतल्या. वरचे कमी पडत होते ते माझ्याकडून घेतले नाहीत. झगा पातळ कागदात असा गुंडाळून दिला जसा पहिल्यांदाच विकला जातोय.

त्याचं पुढे काय करायचं मला ठाऊक नाही. तेन्चा म्हणते कापून नातवाला बाप्तिस्म्याचा अंगरखा शिवू. कुठला नातू म्हटलं, तर माझ्याकडे न बघता तिहुआनाच्या दिशेला बघते. तू मनावर घेऊ नकोस. आत्ता तरी तो तुझ्या बाबांच्या कोटाशेजारी टांगलाय. खिळा फर्मिननंच ठोकून दिला.

परत येताना बसमध्ये तो मांडीवर घेऊन बसले. कागद जरा सुटला होता आणि लेस बाहेर डोकावत होती. शेजारच्या सीटवर एक बाई, तिच्या मुलीचं जानेवारीत लग्न आहे. तिनं लेसवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "छान आहे हो. किती घेतात आता भाडं?"

"भाड्याचा नाही हा," मी म्हटलं. "मुलीनं घेऊन दिलाय मला."

तुझी आई,
ओब्दुलिया